चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आली आणि गेली. तिच्यामुळे ना शहापुरात कुणाचा संगणक बंद पडला, ना मुरबाडात. त्याआधी कितीतरी महिने पडद्यावर अधूनमधून भली मोठी पाटी झळकायची: विंडोज १०चा सपोर्ट संपतोय, विंडोज ११ घ्या. 'नंतर आठवण करा' अशी सोयही त्या पाटीवर असायची आणि बहुतेकांनी तिचाच आधार घेतला. तारीख उलटल्यावरही सातबारा उघडत होता, मुलांचे प्रकल्प छापले जात होते, टॅलीत बिले पडत होती. मग साहजिकच घरोघरी निवाडा झाला, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

हा निवाडा आळसाचा म्हणून उडवून लावता येत नाही. अपडेट 'मारल्यावर' प्रिंटर हरवला, मराठी फाँटचे चौकोन झाले, संगणक अर्धा तास गोल गोल फिरत बसला, असे किस्से प्रत्येक बाजारपेठेत ऐकायला मिळतात. शिवाय ग्रामीण ठाणे जिल्ह्यात घरचा संगणक निव्वळ घरचा क्वचितच असतो. दिवसा त्यावर कुणी पतसंस्थेचा हिशेब करते, कुणी लग्नपत्रिका जुळवते, कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दाखल्यांचे अर्ज भरून देते. रात्री त्याच मशीनवर घरातली बारावीची मुलगी व्हिडिओ लावून भौतिकशास्त्र शिकते. साधा बिघाड गावातच निघतो, पण मदरबोर्ड गेला तर कल्याण गाठावे लागते. शहापूरकरांना त्यासाठी निदान आसनगावची लोकल आहे. मुरबाडला रेल्वेच नसल्याने मशीन मांडीवर घेऊन एसटी धरायची.

तरीही हात लावायचा की नाही, हे एकदा शांतपणे ठरवणे भाग आहे. न ठरवणे हासुद्धा निर्णयच असतो आणि त्याची किंमत लगेच दिसत नाही एवढेच.

सपोर्ट संपला म्हणजे थांबले काय, ते आधी पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम हा कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम. त्यात चुका राहतात आणि त्यातल्या काही चुका बाहेरच्या माणसाला आत शिरायला वाट देतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा वाटा बुजवणाऱ्या दुरुस्त्या पाठवते. २९ जुलै २०१५ला बाजारात आलेल्या विंडोज १०ला या दुरुस्त्या दहा वर्षे मिळाल्या, मग नेहमीचा पुरवठा बंद झाला. आता अडचण अशी की दहा आणि अकरा या दोन प्रणालींचा बराचसा गाभा सामायिक आहे. अकरासाठी एखादी दुरुस्ती निघाली की ती उलगडून पाहणाऱ्या चोराला मूळ भोक कुठे होते तेही कळते आणि ते दहामध्ये बहुधा तसेच उघडे असते. म्हणजे धोका एका तारखेला उडी मारून येत नाही, महिन्यामहिन्याने साचत जातो.

'अँटीव्हायरस आहे की!' हे त्यावरचे ठरलेले उत्तर. महाराष्ट्राला ते जवळचेही आहे. कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात संगणकदुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून १९९५मध्ये क्विक हील बाजारात आणले आणि मराठी घरांत 'व्हायरस' म्हटले की तेच नाव तोंडी येऊ लागले. पण अँटीव्हायरसचे काम पहाऱ्याचे. भिंतीत पडलेले भोक तो बुजवू शकत नाही, फक्त त्यातून येणाऱ्याला ओळखायचा प्रयत्न करतो. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डिफेंडरही विंडोज १०वर ऑक्टोबर २०२८पर्यंत नव्या व्हायरसांची ओळख मिळवत राहणार आहे. ती सोय चांगलीच, फक्त तिला दुरुस्ती समजू नये.

दुरुस्ती वेळेत न घेण्याची किंमत महाराष्ट्राने एकदा जवळून पाहिली आहे. विंडोजमधल्या एका गंभीर भोकावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ला दुरुस्ती काढली. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्यावर १२ मेपासून 'वॉनाक्राय' कोसळला. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा प्रोग्रॅम दीडशेच्या आसपास देशांत पसरला. गंमत म्हणजे त्याचे सर्वाधिक बळी जुन्या विंडोज एक्सपीवर नव्हते. ते होते त्यावेळी सपोर्ट चालू असलेल्या विंडोज ७वर. दुरुस्ती दारात येऊन उभी होती, घरात कुणी घेतली नव्हती इतकेच. त्यानंतर २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्याच्या तडाख्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल सापडले आणि कंटेनरांची चढउतार ठप्प झाली. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीचे संगणक एका दुपारी बसले.

मात्र याच नॉटपेट्याची दुसरी बाजू अपडेटच्या समर्थकांना अडचणीची आहे. तो शिरला कुठून? युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्याच एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांत थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तेव्हा 'अपडेट मारले आणि बिघडले' म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही. त्याचा अनुभव खरा, निष्कर्ष अर्धा. छोटी सुरक्षा-दुरुस्ती दर महिन्याला घ्यावी. पूर्ण प्रणाली बदलण्याची घाई मात्र करू नये आणि फायलींची प्रत दुसरीकडे ठेवल्याशिवाय तर मुळीच नाही.

आता मुख्य अडसर. विंडोज १०वरून ११वर जाणे अस्सल परवाना असलेल्यांना फुकट आहे, पण मशीन त्या लायकीचे हवे. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी किरकोळ. खरी चाळणी तीन ठिकाणी लागते: टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट आणि प्रोसेसरची पिढी. इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, एएमडीचा रायझेन दोन हजारच्या मालिकेपासून पुढचा. 'माझा आय-फाइव्ह आहे' हे सांगून भागत नाही, कारण आय-फाइव्ह २००९पासून निघत आहेत. त्यापुढचा आकडा वाचायचा. ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा छोटा मोफत प्रोग्रॅम हे सगळे एका फटक्यात तपासून सांगतो.

आठवी पिढी बाजारात आली २०१७मध्ये. हे साल शहापूर-मुरबाडच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा शिक्षक संदीप गुंड यांच्या प्रयोगामुळे डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली, ती त्याच्या काही वर्षे आधी. त्या लाटेत गावोगावी लोकवर्गणीतून संगणक आणि प्रोजेक्टर आले. घरांतही त्याच सुमारास मुलांसाठी, एमएस-सीआयटीच्या सरावासाठी मशीन घेतली गेली. ती सगळी, कितीही जपून वापरली असली तरी, या रेषेच्या अलीकडची. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३च्या अखेरीस अंदाज वर्तवला होता की विंडोज १०चा सपोर्ट संपल्यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतील. त्यातले पुष्कळसे चालत्या अवस्थेत.

सर्वांत जास्त फसगत होते ती जुन्या लॅपटॉपच्या खरेदीत. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप कल्याण-उल्हासनगरच्या दुकानांत स्वस्तात मिळतात आणि ग्रामीण ठाण्यातल्या विद्यार्थ्यांसाठी ती उत्तम सोय आहे. पण लेनोव्होचा टी-४७० आणि टी-४८० शेजारी शेजारी ठेवले तर दिसायला जवळपास जुळे. पहिल्यात सहावी-सातवी पिढी, दुसऱ्यात बहुधा आठवी. किमतीतला थोडा फरक वाचवायला गेले तर विंडोज ११ हातचे जाते. अशा लॅपटॉपवर 'विंडोज ११ टाकून देतो' असे दुकानदार म्हणाला तर तेही खोटे नसते. चाळणी चुकवून अकरा बसवायच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. मात्र अशा मशीनला पुढच्या दुरुस्त्या मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या दुरुस्त्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचाच भरवसा नाही, म्हणजे वरात निघाली आणि नवरदेवच घरी राहिला.

कधी कधी मशीन लायक असूनही नापास होते, कारण टीपीएम आहे पण बंद ठेवलेले आहे. ते बायोसमध्ये जाऊन चालू करता येते; इंटेलच्या बोर्डावर त्याचे नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. माहितगाराकडून हे पाच मिनिटांचे काम. तिथेच कुणी 'बायोसही अपडेट करून टाकू' म्हटले, तर वीज पाहावी. विंडोजचे अपग्रेड अर्ध्यात तुटले तर ते बहुतेक वेळा मागे फिरते. बायोसचे अपडेट वीज जाऊन अर्ध्यात तुटले तर मदरबोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी, पावसाळ्यात, झाड तारेवर पडायला निमित्त लागत नाही. डेस्कटॉपचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांचा धनी. इन्व्हर्टर असेल किंवा बॅटरी शाबूत असलेला लॅपटॉप असेल तरच या वाटेला जावे.

नवे तंत्र आणि गावची वीज-रेंज यांचे नाते मुरबाड तालुक्याला नवे नाही. नोटाबंदीनंतर अवघ्या काही आठवड्यांत, १ डिसेंबर २०१६ला, धसई हे राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उद्घाटनाला आले, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप मशीन दिली, वडापाव कार्डावर मिळू लागल्याच्या बातम्या झळकल्या. पुढे त्याच वर्तमानपत्रांनी धसई पुन्हा रोखीकडे वळल्याचेही छापले. यंत्रे वाईट नव्हती. ती ज्या नेटवर्कवर, ज्या शुल्कावर आणि ज्या गिऱ्हाइकावर चालायची, त्यांचा विचार तारीख ठरवताना कमी पडला होता. (गमतीचा भाग असा की नंतर यूपीआय मात्र सोहळा न करता गावोगावच्या टपऱ्यांवर रुजले.) विंडोजच्या बाबतीतही निर्णय लांब कुठेतरी होतो आणि त्याची अंमलबजावणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करायची असते.

हॉटस्पॉटचा हिशेब साधा आहे. विंडोज ११ची पूर्ण फाइल पाच-सहा जीबीहून मोठी असते. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर घरातल्या सगळ्यांनी चार दिवस उपास धरावा लागेल. त्यापेक्षा जिथे फायबर आहे अशा ठिकाणी, मग ते गावातले सेवा केंद्र असो की कल्याणचे मामा, मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती उतरवून आणावी. कुणीतरी आधीच 'तयार' करून ठेवलेला पेन ड्राइव्ह मात्र घेऊ नये. त्यात आणखी काय तयार करून ठेवले आहे ते सांगता येत नाही. आणि जे अपग्रेड करणारच नाहीत, त्यांनी निदान सेटिंगमध्ये हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' ठरवून ठेवावे. मग विंडोज बहुतेक मोठ्या फायली न विचारता ओढत नाही.

इथवरचे सगळे जगात कुठेही लागू पडावे असे. मराठी माणसाचा खास तिढा पुढे आहे आणि तो फाँटचा आहे.

विंडोजमध्ये युनिकोडची देवनागरी २०००च्या आवृत्तीपासून आली. त्याआधी, आणि नंतरही कितीतरी वर्षे, महाराष्ट्राची छपाई चालली ती सी-डॅकच्या आयएसएम, मॉड्युलरच्या श्री-लिपी, आकृती अशा सॉफ्टवेअरांवर. ही सॉफ्टवेअर अक्षरे स्वतःच्या सांकेतिक पद्धतीने साठवत. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हे असतात. योग्य फाँट असला तरच ती मराठी दिसतात. फाँट गेला की गणपतीची वर्गणी-पावती एका क्षणात वाचता न येणारी होते. तहसील कचेरीबाहेर प्रतिज्ञापत्रे टंकणाऱ्यांकडे, ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावांत, डीटीपीवाल्यांच्या पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिकांत असा साठा पडून आहे. त्यातल्या काही प्रोग्रॅमांना हार्डवेअर लॉक लागतो, म्हणजे यूएसबीत खुपसायची एक कळ. त्या कळीचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ने स्वीकारला नाही की विकत घेतलेले सॉफ्टवेअरही उघडत नाही. पेजमेकर ७ हा २००१चा प्रोग्रॅम. अडोबीने त्याचा विकास केव्हाच सोडला, तरी छोट्या छापखान्यांत त्याचे राज्य अजून गेलेले नाही. तो नव्या विंडोजवर चालला तर ती कृपा समजावी, हक्क नव्हे.

म्हणूनच डीटीपीवाल्याने, कितीही लायक मशीन असो, त्याच मशीनवर अपग्रेड करू नये असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. जुने मशीन आहे तसे ठेवावे, त्याची नेटची तार काढावी आणि मेल-व्हॉट्सअॅपसाठी दुसरे, साधेसे मशीन घ्यावे. नेट काढले तरी एक दार उघडे राहतेच: गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह. तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासून मगच कामाच्या मशीनला लावायची शिस्त हवी. ही शिस्त दुकानात गर्दी असताना पाळणे अवघड आहे, हे मान्यच.

ज्याला नव्याने मराठी टंकायचे आहे त्याची मात्र चिंता मिटली आहे. विंडोज १०च्या मे २०१९च्या आवृत्तीपासून मराठीचा फोनेटिक कळफलक आतच मिळतो, इनस्क्रिप्ट तर आधीपासून होताच. अकरामध्ये दोन्ही आहेत. अडचण रेमिंग्टनवर हात बसलेल्या जुन्या टायपिस्टांची. विंडोज स्वतःहून मराठीचा रेमिंग्टन देत नाही, त्यांना आयएसएमसारखे काही वेगळे बसवावेच लागते. पन्नाशीनंतर बोटांना नवा कळफलक शिकवा असे सांगणे सोपे असते.

पतसंस्था आणि जुन्या व्यापाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ३२-बिट विंडोज १० असलेल्या मशीनवर ती वरच्यावर चढत नाही, पुसून नव्याने टाकावी लागते. आणि ६४-बिट विंडोजवर डॉसच्या जमान्यातले फॉक्सप्रोचे हिशेब थेट उघडत नाहीत. ज्या कपाटात असा एखादा प्रोग्रॅम अजून व्याज काढतो आहे, तिथे आधी माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायची, विंडोज मग.

याउलट ज्या मशीनला अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीचे टोकन लागते, तिथे ढिलाई परवडणारी नाही. आधारवर ओळख पटवणे, बँकेचे पैसे काढून देणे, दाखल्यांवर सह्या, हे सगळे दुसऱ्यांच्या विश्वासावर चाललेले काम. पाड्यावरची आजी अंगठा ठेवते तेव्हा ती त्या मशीनची विंडोज कितवी हे विचारत नाही. असे मशीन आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे असेल तर अकरावर न्यावे, नसेल तर बदलावे. नेण्याआधी टोकन आणि अंगठ्याच्या यंत्राचे नवे ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवावेत, नाहीतर दारात रांग आणि आत शोधाशोध. प्रिंटरचेही तसेच. अर्ध्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा २९०० हा काटक लेझर प्रिंटर ६४-बिट ड्रायव्हर दिला की बहुधा अकरावर चालतो. लिनक्सवर मात्र तो घाम काढतो.

लिनक्सचा उल्लेख आला तो योग्यच. जुन्या पण धडधाकट मशीनसाठी विंडोजला तो खरा पर्याय आहे आणि मोफत. जुलै २०२४मध्ये आलेल्या लिनक्स मिंट २२ला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. चार जीबी रॅमवर ती सुखाने चालते. रेड हॅटने दिलेल्या लोहित फाँटमुळे मराठी स्वच्छ दिसते, लिब्रेऑफिसमध्ये अर्ज-पत्रे होतात. सी-डॅकने २००७मध्ये बॉस नावाचा भारतीय लिनक्स काढला होता. केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकवतात. त्यामुळे शाळेतला किंवा मुलांच्या अभ्यासाचा २०१४चा संगणक भंगारवाल्याला देण्याआधी त्यावर मिंट टाकून पाहायला काहीच हरकत नाही. पेन ड्राइव्हवरून न बसवताही ती चालवून बघता येते. पण टॅली, कोरल ड्रॉ, श्री-लिपी किंवा अंगठ्याचे यंत्र ज्यांच्या पोटापाण्याशी जोडलेले आहे, त्यांना कुणी उत्साही पुतण्या लिनक्स सुचवू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

मशीनला नवी हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी, हेही इथेच सांगायला हवे. विंडोज ११ कागदावर चार जीबी रॅम आणि फिरत्या डिस्कवर चालते. प्रत्यक्षात ते रांगते. एसएसडी टाकल्याने जितका फरक पडतो तितका प्रणाली बदलून पडत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, एसएसडीचेही. त्यामुळे 'थोडा खर्च करू आणि जुनेच चालवू' या बेताचा हिशेब आता पुन्हा मांडून बघावा लागतो.

एक सापळा मात्र फारसा कुणी सांगत नाही. विंडोज ११ची होम आवृत्ती बसवताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. दुकानदार घाईत आपलाच मेल आयडी टाकून देतो. २०२४च्या अखेरच्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये बऱ्याच मशीनांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ आकड्यांची किल्ली ज्याचे खाते, त्याच्याकडे जमा होते. दोन वर्षांनी मशीन बिघडले आणि पडद्याने किल्ली मागितली, तेव्हा दुकान बंद झालेले किंवा दुकानदार आयडी विसरलेला. सगळी माहिती शाबूत, आणि हाती काही नाही. खाते घरातल्याच माणसाच्या नावाने काढावे, त्याला घरातलाच मोबाइल नंबर जोडावा आणि ती किल्ली छापून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी.

चोरीच्या विंडोजबद्दल काय सांगावे? जुळवून घेतलेल्या पुष्कळ मशीनांत ती असते, मालकाला ठाऊकही नसते. ती 'जिवंत' करणारे छोटे प्रोग्रॅम आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. जो दरवानाला झोपवूनच घरात येतो, त्याच्याबद्दल एवढी माहिती पुरेशी आहे. बँकेचे काम अशा मशीनवर करू नये.

ज्यांचे अजून ठरत नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने मुदतवाढ ठेवली आहे. ईएसयू या योजनेत विंडोज १०च्या शेवटच्या, म्हणजे २२एच२ या आवृत्तीवर असलेल्या घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. त्यासाठी तीस डॉलर किंवा तेवढे रुपये मोजता येतात, पण आपल्या सेटिंगची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवायला तयार असलेल्याला त्या फुकट आहेत. नोंदणीची सोय सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच दिसते. एवढी सोपी आणि बिनपैशाची गोष्ट असूनही ती कितीतरी जणांना माहीत नाही. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'अकरा घ्या' होते, हे नव्हते. आज विंडोज १०वर असलेल्याने दुसरे काही केले नाही तरी ही नोंदणी तेवढी उरकावी.

राहता राहिला मुहूर्त. मे-जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखल्यांची झुंबड, तेव्हा सेवा केंद्राच्या मशीनला हात लावणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका सुरू होतात त्या उन्हाळ्यापर्यंत. भर पावसात विजेचा नेम नाही. गणपतीत अहवाल आणि फ्लेक्स. उरतो पितृपक्ष. नवे काही घ्यायचे नाही म्हणून बाजार ओस, पत्रिका नाहीत, पाऊसही उतरणीला लागलेला. २०२६मध्ये तो सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन १० ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्येला संपतो, मुदतवाढ सरण्याच्या बरोबर तीन दिवस आधी. अपग्रेड केल्यावर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधून पुन्हा जुन्या विंडोजवर परतता येते, म्हणून पंधरवड्याच्या पहिल्या दोन-चार दिवसांतच ते करावे. मग प्रत्येक प्रिंटर, प्रत्येक फाँट, प्रत्येक टोकन चालवून बघायला आठवडाभर हाताशी राहतो, आणि नाहीच जमले तर घटस्थापनेला दुकान जुन्याच विंडोजवर उघडता येते.